मांडीतल्या दोन सळ्या

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, आठ वर्षांच्या नातवाच्या मांडीत धातू कशाला, प्लॅस्टरने जुळलं नसतं का, असं तू विचारलंस. हाड जुळलं असतं, पण वेडंवाकडं. पाचेक वर्षांच्या वयापर्यंत कमरेपासूनचं प्लॅस्टर पुरतं, कारण राहिलेला वाक वाढीत बराच सरळ होतो. त्यानंतर पोर जड होतं, मांडीचे स्नायू ताकदीचे होतात. ते ओढतात आणि तुटलेली टोकं प्लॅस्टरच्या आत एकमेकांवर चढतात.

म्हणून टायटॅनियमच्या दोन लवचिक सळ्या. हाडाची पोकळी जिथे सर्वांत अरुंद, तिथे ती मोजतात. एकेक सळी त्या रुंदीच्या सुमारे 40 टक्के जाडीची घेतात. पोकळी 9 मिलिमीटर असेल तर साडेतीनची. दोन्ही सळ्या सारख्याच जाडीच्या हव्यात, नाहीतर जाड सळी जोर करते आणि हाड वाकतं. घालण्याआधी त्यांना धनुष्यासारखा बाक देतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी हाडाला आतून सारखा रेटा बसतो.

वाढ खुंटेल ही भीती सोडा. गुडघ्याजवळच्या ग्रोथ प्लेटच्या, म्हणजे हाड जिथून लांबीत वाढतं त्या थराच्या, 2 ते 2.5 सेंटिमीटर वर भोक पाडतात, तिला धक्का लावत नाहीत. उलट जुळताना रक्तपुरवठा वाढतो आणि तो पाय सेंटिमीटरभर लांब होऊ शकतो. बाबा, मोठ्यांसारखा जाड रॉड का नाही, तर तो खुब्याच्या खाचेतून घातला की मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त देणारी वाहिनी दुखावू शकते आणि गोळा मरतो. या वयात ती जोखीम घ्यायचीच नाही.

मला खरी काळजी पिळाची, म्हणजे हाडाचे तुकडे फिरलेल्या दिशेत जुळण्याची वाटते. वाक वाढीत सुधारतो, पिळ फारसा सुधारत नाही. म्हणून टेबलावरच दोन्ही पाय शेजारी ठेवून पावलांची दिशा ताडून पाहतात.

घरी गुडघ्याच्या दोन्ही अंगांना, कातडीखाली, सळीची टोकं लागतील. सळ्या काढता याव्यात म्हणून ती सेंटिमीटरभर हाडाबाहेर ठेवलेली असतात. तीच टोचतात, सगळ्यांत जास्त तक्रार त्यांचीच. आई, तिथे चोळू नकोस. कातडी लाल झाली, पाणी आलं किंवा ताप आला तर लगेच दाखवा. गुडघा मात्र रोज वाकवू दे, दुखतं म्हणून थांबवू नका. पायावर भार किती टाकायचा ते एक्स-रेत नवं हाड दिसेल तसं डॉक्टर सांगतील. हाड पक्कं झालं की सहा महिने ते वर्षभरात सळ्या काढतात.

तुमची,
मुलगी