मेलेल्या बबूनला दात विचकायला लावू नका

महोदय,

माझा भाचा नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गला असतो. त्याच्या कार्यालयातल्या एका वरिष्ठाने लिम्पोपो प्रांतातल्या एका शेतावर रीतसर परवाना काढून नर बबून, म्हणजे तिकडचे मोठे माकड, मारला आणि आता त्याला पेंढा भरून तो दिवाणखान्यात ठेवायचा आहे. टॅक्सिडर्मी, म्हणजे मेलेले प्राणी असे भरून ठेवण्याचे काम, करणाऱ्याने पोझ निवडण्यासाठी फोटो पाठवले, ते भाच्याने मला व्हॉट्सअॅपवर धाडले. ‘मामा, तुमचा जन्म या कामात गेला. प्राण्याचा मान राहील असं काय करावं, साहेब विचारतायत.’ मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. नमुने तयार करणे, जपणे, दुरुस्त करणे हेच माझे काम. भाच्याला जे कळवले ते आपल्या वाचकांपुढेही ठेवतो, कारण त्यातले बरेचसे आपल्या शहरातल्या कपाटांनाही लागू आहे.

हौसेसाठी प्राणी मारणे मला पटत नाही, हे आधीच सांगतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. माझ्या बहिणीला हे कळले तेव्हा तिने लेकाला फोनवर खडसावले, ‘मारुतीरायाच्या जातीचं जनावर ते, तू त्यात कशाला पडतोस?’ तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे कित्येक गावांत वानर मेले तर त्याची अंत्ययात्रा निघते, दहावा होतो, माणसे मुंडण करतात. त्या संस्कारात वाढलेल्या बाईला दुसरे काय वाटणार? पण तो बबून मेलेला आहे. माझ्या नकाराने तो उठून कळपात परत जाणार नाही. त्याच्या देहाचे काय करायचे एवढेच आता माणसांच्या हातात उरले आहे, आणि तो प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

फोटोंत चार प्रकार होते. लाकडी ढालीवर नुसते डोके, जबडा फाकलेला, सुळे बाहेर. दोन पायांवर उभा करून हातात ट्रे दिलेला, ट्रेवर दारूचे ग्लास. चार पायांवर चालणारा. आणि खडकावर बसलेला, हात गुडघ्यांवर, तोंड मिटलेले. ट्रेवाला फोटो मी पुन्हा उघडला नाही. ज्याला मारले त्यालाच नोकर करून पाहुण्यांपुढे उभे करायचे, यात मान कसला?

शिकाऱ्यांचा ओढा बहुधा फाकलेल्या जबड्याकडे असतो. नराचे सुळे दीड-दोन इंचांचे असतात, ते दिसले की आपण केवढ्या भयंकर जनावराला लोळवले हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण बबूनचा दिवस तसा जात नाही. रात्री कड्यावर किंवा उंच झाडावर झोपायचे, सकाळी उन्हाला बसायचे, एकमेकांचे केस विंचरत किडे काढायचे, मग दिवसभर गवताची मुळे, कंद, बिया, फळे शोधत चालायचे. दूरवरून गोळी लागली तेव्हा हा नर बहुतेक असेच काहीतरी करत असणार. त्याच्या तोंडावर कायमचा राग चिकटवणे म्हणजे त्याच्याविषयी खोटी साक्ष देणे, आणि ती खोडून काढायला तो उरलेला नाही.

म्हणून मी बसलेला बबून निवडायला सांगितले. नजर पाहणाऱ्यावर रोखलेली नको, थोडी बाजूला हवी. बबूनच्या वरच्या पापण्या चेहऱ्यापेक्षा फिकट असतात. भुवया वर ताणून त्या पापण्या दाखवणे ही त्यांची धमकी. कारागिराने काचेचे डोळे बसवताना पापणी जरा जास्त उघडी ठेवली, तर तोंड मिटलेले असूनही जनावर भांडायला उठल्यासारखे दिसते. लालबागच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात जाणत्या हाताकडे देतात, तसेच हे काम.

माकडवर्गातला प्राणी टॅक्सिडर्मीला सगळ्यात अवघड, कारण त्याचा चेहरा उघडा असतो. वाघाच्या, हरणाच्या चेहऱ्यावरची चूक केसांखाली लपते. बबूनचे नाक, ओठ, कान, तळवे यांवर लपायला जागाच नाही. आता आत पेंढा नसतो, फोमचा तयार साचा असतो आणि त्यावर कमावलेले कातडे चढवतात. ते सुकताना आकसते, ओठ मागे ओढले जातात आणि मिटलेले तोंड महिनाभरात दात विचकू लागते. त्यासाठी ओठांची कड साच्यातल्या खाचेत दाबून, टाचण्या मारून, सावकाश सुकवावी लागते. रंगही उडतो. तो पातळ थरांनी पुन्हा द्यावा लागतो, नाहीतर चेहरा बुटाला पॉलिश केल्यासारखा चमकतो. भाच्याला मी हेही विचारायला सांगितले की कवटी जपून ठेवली आहे का, डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचे माप घेतले होते का. ते नसेल तर कारखान्यातल्या साच्याचा चेहरा मिळेल, त्या नराचा मिळणार नाही.

आणखी दोन गोष्टी कळवल्या. चाकमा जातीच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या, बबूनची शेपटी मुळाशी वर जाते आणि तिथून मोडल्यासारखी खाली लोंबते. ती कमानीसारखी वळवू नये. आणि चालणारा बबून करायचाच असेल तर हाताचा तळवा सपाट टेकवू नये, तो हात बोटांवर टेकतो.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीत गोरिलांचा प्रसिद्ध देखावा असलेले आफ्रिकी सस्तन प्राण्यांचे दालन ज्यांच्या कल्पनेतून उभे राहिले, त्या कार्ल एकली यांनी १९२१ मध्ये आफ्रिकेत स्वतः गोरिला मारले. मेलेल्या गोरिलांच्या चेहऱ्यांचे त्यांनी साचे घेतले, म्हणूनच ते चेहरे एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात. पण तो चेहरा जवळून पाहिल्यावर आपण खून केला असे वाटू नये म्हणून मनाशी झगडावे लागले, असे त्यांनीच लिहून ठेवले. पुढे त्यांनी बेल्जियमच्या राजाकडे पाठपुरावा केला आणि १९२५ मध्ये तेव्हाच्या बेल्जियन काँगोत आफ्रिकेतले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. भाच्याच्या साहेबांनी एवढे करावे असे नाही. पण कारागिराकडे गेल्यावर त्या चेहऱ्यासमोर थोडा वेळ बसावे, असे मी जरूर कळवले.

दक्षिण आफ्रिकेतल्याच जॅकची गोष्टही लिहिली. यूटनहाग स्थानकावर दोन्ही पाय गमावलेला जेम्स वाइड नावाचा सिग्नलमन होता. जॅक हा त्याचा बबून. तो ट्रॉली ढकलायचा आणि इंजिनाच्या शिट्ट्या ओळखून सिग्नलचे खटके ओढायचा. १८९०मध्ये तो मेला, त्याची कवटी त्याच देशातल्या अल्बानी संग्रहालयात आहे. रेल्वेवर जगणाऱ्या आम्हा मुंबईकरांना त्या कामाची जोखीम वेगळी सांगायला नको.

आता आपल्या शहराविषयी. काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्राणी त्यांच्या परिसरासह मांडलेले आहेत. तिथले पक्षी पाहूनच डॉ. संतोष गायकवाड यांना ही कला शिकावीशी वाटली आणि २००९ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झाले. मरण पावलेले वाघ-बिबटे तिथे अभ्यासासाठी जतन होतात. हे सगळे अभिमानाचे आहे.

पण महाविद्यालयांच्या कपाटांत काय चालले आहे? एका महाविद्यालयात, नाव घेत नाही, जुन्या लाल तोंडाच्या माकडाच्या नमुन्याला गॅदरिंगच्या वेळी गॉगल आणि टोपी घालून तोंडात सिगारेट खोचलेली मी पाहिली. पोरे गळ्यात हात टाकून सेल्फी काढत होती. मानाचा भाग राहू दे, त्या पोरांच्या जिवाची तरी काळजी हवी. जुन्या नमुन्यांच्या कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण लावत असत, ते विष आजही तिथेच असते. अशा नमुन्याला उघडा हात लावू नये, तोंड जवळ नेऊ नये. पावसाळ्यात बुरशी येते, भुंगेरे कातडे खातात, आणि मग एके दिवशी कोणीतरी तो नमुना कचऱ्याच्या गाडीत टाकून मोकळे होते.

प्राणिशास्त्र विभागांना माझी विनंती आहे की काहीही फेकण्याआधी वनखात्याला आणि संग्रहालयांना विचारावे. जे ठेवाल ते काचेआड ठेवावे. पाटीवर शास्त्रीय नावासोबत तो प्राणी कुठून आला आणि कसा मेला, हेही लिहावे. मारलेला असेल तर ‘मारलेला’ असे लिहावे. भाच्याच्या साहेबांनाही खडकाखाली अशी पाटी लावायला सांगितले आहे. बैठी पोझ त्यांनी मान्य केली, पाटीचे अजून उत्तर आलेले नाही.

वनखात्याच्या परवानगीने कोणाला माकडवर्गातल्या नमुन्याचा चेहरा दुरुस्त करायचा असेल, तर मी विनामोबदला येईन. हात अजून स्थिर आहे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, परळ, मुंबई