मूल कोणाचे हरवले, हे आधी विचारा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अनोळखी माणसाला जमावाने ठेचून मारल्याची बातमी आली की पुढचे चार दिवस कसे जाणार हे ठरलेले असते. निषेध सभा होते, फाशीची मागणी होते आणि मारहाणीची चित्रफीत घरोघरच्या फोनवर पोचते. हा संताप खोटा नसतो. पण तो माणूस वाचू शकला असता त्या वेळात गावाने काय करायला हवे होते, याची चर्चा कुठेच होत नाही. ती व्हावी म्हणून हे पत्र.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाड्यात आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण भिक्षेसाठी आले होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा आधीपासून फोनवर फिरत होतीच. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारण्यात आले आणि पाचही जणांचा जीव गेला. त्याच रात्री मालेगावात लहान मुलासह एका कुटुंबाला याच संशयावरून जमावाने घेरले. तिथे एका स्थानिक माणसाने त्यांना आपल्या घरात घेतले, पोलीस आले, आणि सगळे वाचले. अफवा तीच, दिवसही तोच.

पहिला प्रश्न जमावालाच मोठ्याने विचारायचा : मूल कोणाचे हरवले? नाव सांगा, आईबापांना पुढे आणा. अफवेतले मूल नेहमी 'पलीकडच्या गावातले' असते. अंगणवाडी सेविका आणि शाळेचे शिक्षक यांच्याकडे हजेरीपट असतो. पाड्यातली मुले मोजायला फार वेळ लागत नाही. मग गावाच्या ओळखीच्या आवाजात, देवळाच्या भोंग्यावरून सांगावे, 'आपली सगळी पोरे घरी आहेत.' आधार कार्ड दाखवून हे काम होत नाही. संशय डोक्यात बसला की तेही बनावट ठरते.

जमावाच्या पुढच्या रांगेशी वाद घालू नये. तिथे माघार घेणे कमीपणाचे वाटते. मागे उभे असतात ते नुसते बघे. त्यांना नावाने हाक मारून, नात्याने दटावून घरी पाठवावे. पाठ मोकळी झाली की पुढच्यांचा जोर ओसरतो.

त्या अनोळखी माणसांना आत घ्यायचे तर चौकातले कार्यालय नको. ती जागा सगळ्यांना ठाऊक असते आणि आत कोणी राहणारे नसते. माणसांचा वावर असलेले पक्के घर बघावे, आतून कडी लावावी. हातपाय बांधू नयेत. बांधलेला माणूस बघणाऱ्याला आपोआप गुन्हेगार वाटू लागतो.

पोलिसांसाठी ११२ ला फोन करताना 'भांडण चाललंय' असे सांगितले जाते आणि मग एखादीच गाडी येते. गाव, तालुका, जिल्हा, जवळची खूण, जमाव अंदाजे किती, आत किती जण कोंडलेत, हातात काय आहे, कोण जखमी आहे, हे सगळे सांगावे. पोलीस कमी आले तर काय होते ते १६ एप्रिल २०२० ला पालघरमधील गडचिंचले येथे दिसले. पोलीस हजर असताना दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. म्हणून आकडा सांगायचाच. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायला दुसरा माणूस हवा.

जखमीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे चांगली माणसेही चुकतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून दोन्ही तळव्यांनी सलग १० मिनिटे दाबून धरावे. मधे उचलून बघू नये, गोठू लागलेले रक्त पुन्हा सुटते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. डोक्याला मार असून गुंगी येत असेल तर पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. उलटी होत असेल तर मान न पिळता अख्खे अंग कुशीवर वळवावे. आणि काठ्यांचा मार खाल्लेला माणूस चालतोय, बोलतोय म्हणून त्याला सोडून देऊ नये. चेचलेल्या स्नायूंतली द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पाडू शकतात. लघवी काळ्या चहासारखी होते, तोवर उशीर झालेला असू शकतो. अंगावर वळ असतील तर रुग्णालयात न्यायलाच हवे. पोलीस केस आहे म्हणून कोणताही डॉक्टर, सरकारी असो वा खासगी, तातडीचे उपचार नाकारू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे.

खरोखरच कोणी डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा केला तर नागरिक त्याला पकडू शकतो, पण लगेच, आणि जास्तीत जास्त ६ तासांत पोलिसांच्या हवाली करायचे, असे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (अटक-तपासाच्या कायद्याचे) कलम ४० सांगते. मारण्याचा अधिकार त्यात कुठेही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत (गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्यात), पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून मिळून खून केल्यास प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आहे.

चित्रीकरण केले असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये जपून पोलिसांना द्यावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाबली जाते, चित्रणाच्या वेळेची मूळ नोंद निघून जाते आणि पुरावा कच्चा होतो. शिवाय अर्धवट कापलेली चित्रफीत पुढची अफवा होऊन फिरते. २०१८ मध्ये देशभर फिरलेली मोटारसायकलवरून मूल उचलण्याची चित्रफीत कराचीतल्या जनजागृतीपटाची होती. मूल परत आणून दिल्याचा शेवट तेवढा कापला होता.

आता विनंती आपल्याला. 'मुले पळवणारी टोळी सक्रिय?' असे प्रश्नचिन्ह लावलेले मथळे कृपया छापू नका. गावात प्रश्नचिन्ह कोणी वाचत नाही. अशा अफवांच्या दिवसांत जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षाचा क्रमांक पहिल्या पानावर द्या. १७ जुलै २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी, म्हणजे या कामाची जबाबदारी असलेला पोलीस अधिकारी, नेमायचा आहे. आपल्या जिल्ह्यात तो कोण, हे त्याच चौकटीत छापा. बाजाराच्या आदल्या दिवशी छापलेत तर अधिक बरे.

आपला,
एक नियमित वाचक, धुळे