‘आलो’ की ‘आले’?

संपादक महोदय,

मुलगी ‘मी आलो’ म्हणते, मुलगा ‘मी जेवले’ म्हणतो, एवढ्यावरून पालक धसका घेतात. मराठीत क्रियापदच लिंग सांगतं, म्हणून मूल स्वतःला मुलगा मानतं की मुलगी, ते आधी बोलण्यातून कानावर येऊ शकतं. अर्थात कोल्हापूरकडच्या बायकाही सर्रास ‘मी गेलो’ म्हणतात, तेव्हा त्यावरून निष्कर्ष काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ पासून लागू असलेलं रोगवर्गीकरणही नुसत्या वागण्या-आवडींवरून ‘लिंगविसंगती’चं, म्हणजे जन्मावेळी ठरलेलं लिंग आपलं नाही असं वाटण्याचं, निदान करू देत नाही. वयात न आलेल्या मुलाबाबत ही भावना सुमारे दोन वर्षं टिकलेली असावी लागते. त्यात हा विषय आता मनोविकारांत मोडतही नाही.

तोवर मुलाला टोकू नका, आणि घाईने नव्या नावाचं बारसंही करू नका. समोर बसवून उलटतपासणी घेण्यापेक्षा भाजी निवडताना किंवा गाडीवरून जाताना विचारा: ‘तुला आलास म्हणू की आलीस?’ उत्तर महिन्याभरात बदललं तर मागचा हिशेब काढू नका. तुमच्याकडून चुकलं तर योग्य रूप म्हणून पुढे बोला. माफीचं पुराण लावलं की मुलालाच तुमची समजूत काढावी लागते. आजी-आजोबांसमोर काय म्हणायचं, हेही त्यालाच विचारा. मावशीला विश्वासाने सांगितलेली गोष्ट संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असते.

शाळेत खरी अडचण स्वच्छतागृहाची. मूल तिथे जाणं टाळतं, त्यासाठी पाणीच पीत नाही, दिवसभर लघवी रोखतं. मग जळजळ, पोटदुखी, कधी ताप. पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का, ते पाहा. मुलाची संमती असेल तरच वर्गशिक्षकांशी बोला आणि एकट्याने वापरता येईल असं स्वच्छतागृह व तास चालू असताना जायची मुभा मागा. हजेरी क्रमांकाने घ्यायला सांगा. ‘हजर’ला लिंग नसतं. कवायतीच्या रांगा उंचीप्रमाणे लावता येतात. यातल्या कशासाठीही दाखल्यावरचं नाव बदलावं लागत नाही.

‘सरळ करून देतो’ म्हणणारा बाबा असो वा पदवीधर डॉक्टर, त्याच्याकडे जाऊ नका. असे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. उलट, वयात न आलेल्या मुलाला कुणी संप्रेरकं देऊ लागलं, तर तिथूनही उठा. त्या वयात औषधाची गरजच नसते.

मात्र झोप उडाली, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा मूल मरणाचं बोलू लागलं, तर थांबू नका. त्याला एकटं न ठेवता जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

– एक शालेय समुपदेशक, सातारा