पाच मिनिटांचा मान नको, अर्ध्या तासाची बैठक द्या

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गणेशोत्सव, कोजागरी, वर्धापनदिन अशा प्रसंगी आपल्या ग्वाल्हेरमधील मराठी मंडळे ज्येष्ठ सभासदांना आवर्जून व्यासपीठावर बोलावतात आणि त्या कार्यक्रमांची वृत्ते आपल्या पत्रातून आम्ही दरवर्षी वाचतो. यामागचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु निवृत्तीनंतर पुन्हा एकट्याने गाऊ किंवा वाजवू पाहणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून जे पडते, ते त्याच्या गरजेच्या नेमके उलट असते, असे माझे मत झाले आहे. ते जरा सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी संवादिनी, म्हणजे पेटी, वाजवतो. तरुणपणी एकलवादन शिकलो व थोडेफार केलेही. पुढे शिक्षकाची नोकरी, बदल्या आणि घरच्या जबाबदाऱ्या यांत ते मागे पडले आणि साथ तेवढी टिकली. भजन, कीर्तन, नाट्यगीतांचे कार्यक्रम, विद्यार्थ्यांच्या परीक्षा, एखाद्या तबलावादकाला लेहरा (तालाचे आवर्तन दाखवणारी सुरावट), असे जे जे समोर आले ते वाजवले. पेटीवाल्यांपैकी बहुतेकांची गोष्ट अशीच असते आणि त्याला वाद्याचे नशीबही कारणीभूत आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ साली उठली, तीही साथीपुरती. आमच्या पिढीने पेटी ऐकली ती गायकाच्या डाव्या अंगाला बसलेली. वास्तविक याच ग्वाल्हेरात शिंदे घराण्यातील भैया गणपतरावांनी पेटीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती पाहता येथे तरी या वाद्याने एकट्याने बोलणे कोणाला नवलाचे वाटू नये. पण वाटते, आणि ‘मग गाणार कोण आहे?’ हा प्रश्न मला अजून विचारला जातो.

साथ आणि एकलवादन यांत हाताचे काम फारसे वेगळे नसले, तरी मनावरचा भार अगदी वेगळा असतो. साथ करताना श्रोत्यांचे डोळे गायकावर असतात, आवर्तन भरण्याची जबाबदारी त्याची असते आणि आपली एखादी पट्टी चुकीची दबली तरी त्याच्या आवाजात ती विरून जाते. एकट्याने बसल्यावर दोन स्वरांमधली शांतताही आपल्याच नावावर लागते. मग शरीर आपले काम सुरू करते: धोका समोर असल्याच्या समजुतीने ॲड्रेनलिन वाहू लागते, छातीची धडधड वाढते, हातांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आखडून बोटे गार पडतात आणि तळव्यांना घाम सुटतो. गायकाचा घसा कोरडा होतो व दमसास तोकडा पडतो. आमच्या वाद्यात दमसास भात्यात असल्यामुळे डावा हात थरथरला की वाऱ्याचा दाब हलतो आणि लांब धरलेला षड्जसुद्धा डचमळल्यासारखा ऐकू येतो. लयही नकळत चढते. बिचारा तबलजी आपल्याला मागे ओढत राहतो आणि आपल्याला वाटते की आज तोच ढिला वाजवतो आहे.

‘आता या वयात कसली भीती? नोकरीत बढती मिळवायची नाही की कोणाला काही सिद्ध करून दाखवायचे नाही,’ असे मला अनेकांनी प्रेमाने ऐकवले आहे. ऐकायला हे बरे वाटते, पण ते खरे नाही. जगप्रसिद्ध चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना उतारवयातही मंचाची भीती सोडून गेली नव्हती आणि व्लादिमिर होरोविट्झ यांच्यासारखा पियानोवादक १९५३ पासून बारा वर्षे जाहीर कार्यक्रमांपासून दूर राहिला होता. आपल्यासारख्यांच्या बाबतीत तर निवृत्ती ही भीती काहीशी वाढवतेच, असा माझा अनुभव आहे. नोकरीत असताना कार्यक्रमाच्या दिवशीही शाळा असे आणि वर्गातल्या गडबडीत संध्याकाळची धास्ती करायला फुरसत नसे. आता रियाजाला दिवस मोकळा असतो, तसा काळजीलाही असतो. शिवाय बोटांचे सांधे सकाळी आखडलेले असतात, बंदिशीचा अंतरा ऐनवेळी क्षणभर आठवत नाही, आणि आयुष्यभर ज्यांनी आपल्याला ‘सर’ म्हणून पाहिले तेच समोर बसलेले असतात. तरुण मुलगा अडखळला तर श्रोते त्याला शिकाऊ म्हणून सोडून देतात. सत्तरीकडे झुकलेला माणूस अडखळला की ‘वय झाले’ असा निकाल लगेच लागतो, आणि त्यावर अपील नसते.

त्यात शहर ग्वाल्हेर. इथली मुले रडतात तीही सुरात आणि दगड गडगडतात तेही तालात, ही म्हण आपण पाहुण्यांना अभिमानाने ऐकवतो. पण ज्याला इथे पुन्हा वाजवायचे आहे त्याला ती तितकीशी सुखाची वाटत नाही. १९१४ साली निघालेले शंकर गांधर्व महाविद्यालय आणि १९१८ साली पं. भातखंडे यांच्या योजनेनुसार सुरू झालेले माधव संगीत महाविद्यालय यांतून इतके लोक शिकून बाहेर पडले आहेत की, कुठल्याही सभागृहात तिसऱ्या रांगेत बसलेल्या आजी राग कुठे ढळला ते बिनचूक सांगू शकतात. अशा श्रोत्यांपुढे वाजवण्यात धास्ती आहे, तसा मानही आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मंचावरच्या भीतीचा जोर साधारणपणे वादन सुरू होण्याआधीच्या घटकेत आणि पहिल्या काही मिनिटांत सर्वांत अधिक असतो. एकदा हात गरम झाला, तबल्याशी गाठ पडली, एखादी जागा मनासारखी आली की तो उतरणीला लागतो. आणि आमची मंडळे ज्येष्ठांना देतात ती नेमकी पहिली पाच-सात मिनिटेच! पेटी पुढ्यात येते, तबला स्वराला लावायला उसंत नसते, निवेदक वयाचा आवर्जून उल्लेख करतो, आपण थरथरत्या हाताने यमनची चार आवर्तने वाजवतो आणि भीती ओसरून संगीत सुरू व्हावे अशा वेळी शाल व श्रीफळ पुढे येते. श्रोते टाळ्या वाजवतात त्या कौतुकाच्या असतात. वादन असे अजून झालेलेच नसते. माणूस घरी जातो तो केवळ भीतीचा अनुभव घेऊन, आणि पुढच्या वर्षी बोलावणे आले की प्रकृतीचे कारण सांगतो. माझ्या परिचयातील चांगल्या गळ्याच्या एक बाई आणि एक सतारवादक गृहस्थ असेच गप्प झाले. मग त्यांना समूहगानात उभे करतात, म्हणजे कोणावरच ताण नको. समूहगानाला माझा विरोध नाही. पण एकट्याने काही म्हणायचे असलेल्या माणसाला गर्दीत उभे केल्याने त्याची भीती जात नाही, तिला कायमची जागा मिळते.

या संदर्भात औषधांविषयीही लिहिणे भाग आहे, कारण अलीकडे ‘कार्यक्रमाआधी एक गोळी घ्या’ असा सल्ला सहज दिला जातो. या गोळ्या म्हणजे प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर औषधे. त्यांनी हृदयाची धडधड व हाताचा कंप कमी होतो, आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील व्यावसायिक वाद्यवृंदांच्या वादकांची पाहणी झाली तेव्हा चौथ्या हिश्श्याहून अधिक वादक ती घेत असल्याचे आढळले होते. घेणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. मात्र दम्याच्या रुग्णाला ही औषधे धोक्याची ठरू शकतात, मधुमेह्याच्या रक्तातील साखर उतरल्याची धडधडीसारखी खूण ती झाकून टाकतात, आणि आमच्या वयात रक्तदाबाची एखादी गोळी बहुधा आधीच चालू असते. तेव्हा शेजाऱ्याच्या डबीतली गोळी घेऊन मंचावर बसू नये. विचारायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मला स्वतःला उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. थंडीत निघण्याआधी गरम पाण्याची रबरी पिशवी शालीखाली हातांशी धरून बसतो. जिना भराभर चढून, धाप लागलेली असतानाच पेटीवर बसून सुरुवातीची बंदिश वाजवण्याचा सराव करतो, म्हणजे धडधडत्या छातीने वाजवणे हाताच्या ओळखीचे होते. सुरुवात लांब आलापाने करीत नाही, कारण हलता भाता तिथेच उघडा पडतो. मध्यलयीतील अंगवळणी पडलेली एखादी बंदिश आधी घेतो आणि विलंबित, म्हणजे संथ लयीची, तिच्यानंतर. जाणकारांना हा क्रम उलटा वाटेल, वाटू दे. साथीत गायकाच्या स्वराला बांधलेले असल्यामुळे काळी चार असो की पांढरी दोन, मिळेल त्या पट्टीत, म्हणजे गायकाच्या षड्जाला धरून, वाजवावे लागते. एकट्याने बसल्यावर हाताला सर्वांत सोयीची पट्टी निवडण्याची मुभा असते, तिचा मी पुरेपूर लाभ घेतो. टप्प्याच्या, म्हणजे जलद, झटकेदार तानांनी भरलेल्या गानप्रकाराच्या, वाटेला मात्र अजून गेलो नाही. थरथरत्या बोटांतून टप्पा आपोआपच निघतो, अशी थट्टा आमच्यात चालते, तेवढ्यावरच तो विषय थांबलेला बरा. तबल्याला लेहरा देणे हीदेखील एक चांगली पायरी आहे: एकच ओळ आवर्तनामागून आवर्तन निष्कंप वाजवायची असते, ती सर्वांना स्पष्ट ऐकू येते आणि तरीही मैफल आपल्या नावावर नसते. साथीकडून एकलवादनाकडे येणाऱ्या प्रत्येक पेटीवाल्याने काही महिने तरी लेहरा मनापासून धरावा.

पण एकट्याच्या तयारीला मर्यादा आहे. भीती जाते ती माणसांपुढे वारंवार बसूनच, आणि तिथे मंडळांची गरज लागते. म्हणून माझी सूचना अशी की, मोठ्या सोहळ्यातील पाच मिनिटांऐवजी महिन्यातून एखाद्या संध्याकाळी वीस-पंचवीस श्रोत्यांची घरगुती बैठक भरवावी, तीत एकाच ज्येष्ठ कलाकाराला किमान अर्धा तास मोकळा द्यावा, आणि वाद्ये स्वराला लावायला आधीची पंधरा मिनिटे वेगळी राखावीत. वेळ पाचची असली तर रात्री वाहन चालवू न शकणारे श्रोते व कलाकार दोघेही येऊ शकतील. हार, शाल, परिचयाचे भाषण यांची गरज नाही. एक चांगला तबलजी मात्र हवा, आणि त्याचे मानधन मंडळाने द्यावे. शाल-श्रीफळाचा खर्च वाचवला तर मानधनाचा बराचसा भाग त्यातूनच निघेल.

याहून महत्त्वाची अट अशी की, पहिली बैठक होण्याआधीच त्या कलाकाराच्या दुसऱ्या बैठकीची तारीख ठरलेली असावी. आज जमते की नाही यावर पुढचे बोलावणे अवलंबून आहे असे वाटू लागले की प्रत्येक स्वर परीक्षेचा होतो. पुढची तारीख पक्की असेल तर आजची घसरण ही केवळ आजची राहते. आणि श्रोत्यांना एक विनंती: कलाकाराला विचारल्यावाचून मोबाइलवर चित्रण करू नये. पूर्वी चुकलेली तान हवेत विरून जाई. आता आपण पेटीची पेटी बंद करून रिक्षात बसेपर्यंत ती पुतण्याच्या फोनवर नागपूरला पोचलेली असते. हौसेने केलेल्या या चित्रणाचे दडपण आमच्या वयाच्या माणसावर किती येते, याची तरुण मंडळींना बहुधा कल्पना नसावी.

२०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरचा समावेश संगीताच्या सर्जनशील शहरांत केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात किल्ल्यावर हजाराहून अधिक तबलावादकांनी एकाच वेळी वाजवून विक्रम केला. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. तानसेन समारोहाला देशभरातून कलावंत येतात, त्यांनी येत राहावे. परंतु पं. कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) ऐंशी ओलांडल्यावरही ज्या शहरात गात होते, त्या शहरातील साध्या निवृत्त वादकाला अर्ध्या तासाची जागा मिळू नये, हे त्या बिरुदाला शोभणारे नाही. यासाठी अनुदान लागत नाही, सभागृह लागत नाही; एक सतरंजी अंथरता येईल असा दिवाणखाना पुरतो.

‘ऐकायला येणार कोण?’ हा आक्षेप मंडळांच्या बैठकीत मी ऐकला आहे. वीस माणसे नक्की येतील. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे न उघडलेली पेटी आहे, ज्यांची सतार गवसणीत आहे, ज्यांनी विशारदनंतर गाणे सोडले, असे लोक लष्करच्या एकेका गल्लीत सापडतात, आणि आज ऐकायला येणारा पुढच्या खेपेला वाजवायलाही बसेल. लष्कर भागातील कोणाची पहिल्या बैठकीसाठी जागा देण्याची तयारी असल्यास त्यांनी कृपया आपल्या कार्यालयाकडे कळवावे, अशी विनंती आपण हे पत्र छापताना जोडावी. पेटी मी आणीन. पहिल्या अर्ध्या तासाला कोणी तयार होत नसेल, तर तो मी घेईन. आणि त्यापुढच्या दोन महिन्यांसाठी, वर उल्लेख केलेल्या त्या बाई व सतारवादक गृहस्थ यांची समजूत घालण्याचे काम मी सुरू केलेले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व संवादिनीवादक
लष्कर, ग्वाल्हेर