नंबर बदललास का?

मिरज
रविवार, 24 नोव्हेंबर 2024

चि. आशिष यास,
प्रभूच्या नावात सलाम.

बुधवारी रात्री महालक्ष्मीनं गेलास ते मला न सांगताच. ताटात अर्धी भाकरी आणि दार ओढून घेतल्याचा आवाज, एवढंच मागं राहिलं. फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. मेसेज करता आला असता, पण मेसेज एकाचा दहाजणांकडं कसा जातो हे तुला मी सांगायला नको. किरणमामा मंगळवारी पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देईन.

काल विधानसभेचा निकाल लागला. कोण आलं, कोण पडलं हे तुला माझ्याआधी कळलं असणार. मी कुणाला मत दिलं ते मी सांगणार नाही. पप्पांनाही कधी सांगितलं नव्हतं. ते म्हणायचे, अगं नवऱ्याला तरी सांग. मी म्हणायची, आधी तुम्ही सांगा. ते बिचारे सांगून टाकायचे, आणि मी तरी गप्पच.

आधी माफी मागते. सतरा तारखेला उपासना संपल्यावर, सूचना चालू असताना तू उठून पुढं गेलास, पाळकसाहेबांना म्हणालास मतांबद्दल बोलायला पाच मिनिटं द्या, आणि मी कमिटीच्या बाकावरून सगळ्यांसमोर म्हटलं, "आशिष, खाली बस." संडे स्कूलमध्ये म्हणायची तसंच. तू पंचवीस वर्षांचा आहेस आणि मागच्या बाकावर तुझ्या बरोबरीची मुलं हसली, ते मला दिसलं. घरी आल्यावर म्हणता आलं असतं. नाही म्हटलं गेलं. त्याबद्दल माफ कर. थांबवलं त्याबद्दल मात्र माफी मागत नाहीये.

आता तो मेसेज. "मिरजेतल्या ख्रिस्ती मतदारांनो, एक व्हा." खाली त्या उमेदवाराचं नाव. त्याखाली तुझं पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर. मजकूर चांगला लिहिलायस, शुद्धलेखनाची एक चूक नाही, हे मी ताईलाही सांगितलं. पण नंबर कशाला घालायचा रे? नाव नुसतं असतं तरी चाललं असतं. दीपक म्हणतो पुढं गेलेलं परत ओढता येत नाही. मग सिमकार्ड बदल. बँकेला, ऑफिसला कळवायचं, दोन दिवसांचं काम. हे एवढंच सांगायचं होतं, आता परत काढत नाही.

दीपकनं परवा मोबाईलवर कायदा काढून दाखवला. 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम 123. धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार. कोर्टात शाबीत झालं तर निवडून आलेल्याची निवडच रद्द. 2017 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं तर असं ठरवलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढं करून मत मागितलं तरी ते त्यातच बसतं. सात न्यायाधीश होते, चार एका बाजूला, तीन दुसऱ्या. तेवढ्या शिकलेल्या माणसांचं एकमत होईना, तर आपण मायलेकं भांडलो यात नवल ते काय. शिवाय 1988 चा वेगळा कायदा आहे: देऊळ, मशीद, चर्च, कुठलीच जागा पक्षाच्या प्रचाराला वापरू द्यायची नाही, नाहीतर पाच वर्षांपर्यंत कैद. ती जागा सांभाळणाऱ्याला. म्हणजे तुझी पाच मिनिटं पाळकसाहेबांना केवढ्याला पडली असती बघ. त्यांची मुलगी बारावीला आहे.

पण कायद्यासाठी मी तुला थांबवलं असं म्हटलं तर खोटं होईल. तेव्हा मला कायदा ठाऊकच नव्हता.

मला नको वाटलं ते वेगळंच. त्या पुलपिटापुढं, प्रवचनाच्या चौथऱ्यापुढं, पप्पांची शवपेटी ठेवली होती. तिथंच तुझा बाप्तिस्मा झाला. तिथून कुणी मला सांगावं की बाई, तुझं मत मंडळीनं अमक्याला देऊन टाकलंय, हे मला सोसत नाही. मत काय रविवारच्या दानाची थैली आहे, सगळ्यांचं गोळा करून वर नेऊन द्यायला? आज एकगठ्ठा दिलं की उद्या तो माणूस मोजायला येतो. आपल्या मंडळीत शेतकरी संघटनेचे लोक आहेत, काँग्रेसचे आहेत, कमळवाले आहेत, वंचितवाले आहेत, आणि सगळे एकाच मेजावरून प्रभूभोजन घेतात. तू ज्याचं नाव छापलंस त्याला मत न देणारा पुढच्या रविवारी कुठं बसणार होता?

तू म्हणशील आई, विश्वास एकीकडं आणि मत एकीकडं असं असतंय होय? तसं मी म्हणतच नाही. मतदानाच्या खोलीबाहेर मी माझा विश्वास चपलांसारखा काढून ठेवत नाही. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा कंबरभर पाण्यात कोण उतरलं आणि कोण बोटीतून फोटो काढून गेलं, हे मी लक्षात ठेवते. झाडूवालीशी कोण कसं बोलतं तेही बघते. हातावर शंभर-पाचशे टेकवणाऱ्याला मत नाही, मग तो बायबल काखेत मारून येऊ दे. (ती मोरपंखी साडी आठवते? महिला मंडळात सगळ्यांना वाटली होती, मीही घेतली. तीन रविवार नेसले आणि मग नेसवेना. ताईनं तिचे पडदे केले. म्हणजे मी काही धुतल्या तांदळाची नाही.) माणसाला पारखायला विश्वास लागतो. माणसाच्या जातकुळीवर शिक्का मारायला लागत नाही.

बघ, शिकवणी सुरू झाली परत. दवाखान्यातून निवृत्त झाले तरी वॉर्डातल्या पोरींना दटावायची सवय जात नाही.

तू त्या रात्री स्वयंपाकघरात जे बोललास त्याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही, आजही येत नाही. तू म्हणालास, मिरजेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पणजोबा ज्या महारवाड्यातून निघाले, त्याच वाड्यात राहिलेल्या भावकीतला माणूस इथं उभा राहू शकतो. मी नाही. मी फक्त मत द्यायचं. अनुसूचित जाती कोण ते ठरवणारा 1950 चा आदेश, त्यात हिंदूच फक्त, मग 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, आपण ख्रिस्ती दारातच. धर्म बदललेल्या दलितांना त्यात घ्यायचं का ते बघायला बालकृष्णन आयोग 2022 पासून बसलाय. मग आम्ही एकत्र येऊन मागायचं नाही तर कुणी मागायचं, आई?

हे बोलताना तू हुबेहूब आबांसारखा दिसत होतास. हात तसाच टेबलावर. आबांना हेडमास्तरांनी सांगितलं होतं, दाखल्यावर 'हिंदू' लिही, फी माफ होईल, शिष्यवृत्ती मिळेल, रविवारी कुठं जायचं तिथं जा. आबांनी नाही लिहिलं. मॅट्रिकनंतर शिक्षण सुटलं आणि ते दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागले. जन्मभर त्याचा अभिमान सांगायचे, आणि पप्पांच्या दाखल्याची वेळ आली तेव्हा दोन रात्री झोपले नाहीत, हे मला सासूबाईंनी सांगितलेलं. तुला कधी सांगितलं नव्हतं.

पण दुसरंही ऐक. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्तीच होते. 1949 साली धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा नकोत, सगळ्यांबरोबर एकाच रांगेत उभं राहू, असा ठराव त्यांनीच मांडला. माझे वडील साताऱ्याला हे फार मानानं सांगायचे. कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार मांडला, त्या वाऱ्यात वाढलेली माणसं ती. ख्रिस्ती व्हायचं पण गावापासून तुटायचं नाही, असं त्यांचं. आता तू विचारशील, राखीव जागा सोडून काय मिळालं? ते मला सांगता येत नाही. पण त्यांनी जे मोठ्या मनानं सोडलं तेच आपण चर्चच्या दारात प्रचाराच्या चिठ्ठ्या वाटून परत मिळवायचं, हे मला जरा हलकं वाटतं. दाखल्याचा अन्याय तुझा खरा आहे. त्यासाठी कोर्ट आहे, मोर्चा आहे, उघड सभा आहे. तिथं गेलास तर मी अडवणार नाही.

अडवणार नाही म्हटलं खरं.

2009 साली तू दहा वर्षांचा होतास. गणपतीत एका कमानीवरच्या चित्रावरनं मिरजेत दंगल पेटली, संचारबंदी लागली. तुला आठवतं ते एवढंच की शाळेला सुट्टी होती आणि पप्पांनी कॅरम काढला. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती, त्याचा त्याच्याशी काय संबंध ते लोक आपापल्या परीनं सांगतात. मला आठवतं ते वेगळं. मला ड्यूटीवर न्यायला गाडी आली होती. रात्री एक पोरगा आणला, अठरा-एकोणीस वर्षांचा, भुवईच्या वर दगड लागलेला. केसपेपर लिहायला मी नाव विचारलं. त्यानं शेजारच्या खाटेकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि गप्प. परत विचारलं, परत गप्प. रक्त डोळ्यात उतरत होतं तरी नाव सांगेना. शेवटी म्हटलं, राहू दे बाबा, वय सांग. वय सांगितलं.

तुझं नाव आशिष का ठेवलं माहितीय? मला शमुवेल हवं होतं. पप्पा म्हणाले, नको, नावावरनं कुणाला लगेच कळायला नको, पोराला नोकरी करायचीय, खोली भाड्यानं घ्यायचीय. मी तेव्हा चिडले होते, म्हटलं प्रभूची लाज वाटते का तुम्हाला. त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं. आणि तू आता आपणहून नाव, आडनाव, नंबर, सगळं एका ओळीत लिहून अख्ख्या तालुक्याला वाटलंस. तुझ्या घरमालकांनी तो मेसेज बघितला असेल का? काही बोलले का ते?

म्हणून मला कळत नाही आशिष, मी तुला त्या दिवशी देवाच्या घराचा मान राखायला थांबवलं की भीतीनं. 'कैसराचे ते कैसराला', राजाचं ते राजाला द्या, हे येशूचं वचन मी मुलांना तीस वर्षं शिकवलं. पण ते म्हणणाऱ्याला कैसराच्याच शिपायांनी खिळे ठोकले, हा भाग मी शुभ शुक्रवारपर्यंत लांबवायची.

गुरुवारी झोप येईना म्हणून बायबलातलं शास्त्यांचं पुस्तक काढलं. नववा अध्याय, योथामाची गोष्ट. झाडं राजा शोधायला निघतात. जैतुनाकडं जातात, तो म्हणतो मला माझं तेल सोडून यायचं नाही. अंजीर म्हणतं माझा गोडवा. द्राक्षवेल म्हणते माझा रस. शेवटी काटेझुडूप म्हणतं, या, माझ्या सावलीला बसा. ही गोष्ट मी आजवर मुलांना अशी सांगत आले की चांगल्या झाडानं आपलं फळ द्यावं, राजेपणाच्या नादी लागू नये. तासगावच्या आत्याच्या बागेत नेऊन वेल दाखवून सांगायची. परवा वाचताना मात्र वाटलं, वेल नाही म्हणाली म्हणूनच काटा आला की. मग मी तीस वर्षं पोरांना काय सांगत होते?

तेव्हा तू राजकारणात पडूच नको असं आता मला छातीठोक म्हणता येत नाही. पड. पण मंडळीला पुढं करून नको, स्वतःच्या पायावर उभं राहून. हे मात्र मी पुलपिटासमोरही म्हणेन. आणि एकटा जाऊ नकोस सभांना. रात्रीचा तर नकोच.

उरलेल्या चिठ्ठ्या व्हेस्ट्रीत, चर्चच्या आतल्या खोलीत, पडल्या होत्या, शिपायानं मला आणून दिल्या. दोनशेच्या वर आहेत. फेकल्या नाहीत, कपाटात आहेत, पप्पांच्या बाजाच्या पेटीच्या पुस्तकांखाली. नाताळला येशील तेव्हा तूच काय ते कर. करंज्यांचं सारण यंदा ताई करणार आहे, म्हणजे साखर जास्त पडणार. मामाबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दोन स्वेटर पाठवतेय, निळा धुतलेला आहे.

तुझी,
आई

ता.क. पत्र बंद केलं होतं, परत उघडलं. मघाशी दीपककडून तो मेसेज मागवून घेतला आणि त्यातला नंबर बघून फोन लावला, त्याच्याच मोबाईलवरनं. पहिल्या रिंगला उचललास. "हां, बोला," म्हणालास, किती अदबीनं. मी काही बोलले नाही.