टिंबाचा जाब

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला सीएनसी, म्हणजे संगणकात भरलेल्या आकड्यांवर धातू कापणाऱ्या यंत्रांवरचा लेख वाचला. छान रंगीत पान आहे. मात्र 'आराखडा संगणकात भरा, बटण दाबा, पुढचे यंत्र बघून घेते' या वाक्याशी मी चष्मा काढून ठेवला. एकतीस वर्षे मिलिंगवर, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या यंत्रावर, काम लावून देणारा सेटर होतो. यंत्राने माझे कधी काही बघून घेतले नाही.

बघायला त्याला डोळे कुठे आहेत? जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, शून्यबिंदू कुठे, टूलची लांबी किती, हे माणसाने मोजून ऑफसेटमध्ये, म्हणजे यंत्राच्या मापांच्या तक्त्यात, भरायचे. मग कंट्रोलर प्रोग्रामची एकेक ओळ वाचतो, सर्व्हो मोटर बॉलस्क्रू हा आटेदार दांडा फिरवते, टेबल सरकते. किती सरकले ते एन्कोडर हा मोजणारा भाग कळवतो आणि राहिलेला फरक मोटर भरून काढते. वाटेत जॉब धरणारा क्लॅम्प उभा असला तरी तितक्याच इमानाने सरकते. कटर झिजला की खाच अरुंद व्हायला लागते. ती मोजून ऑफसेटमध्ये चार-दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) इकडेतिकडे करतो तो ऑपरेटर. लेखात त्याला 'केवळ देखरेख' उरली आहे म्हणे.

एका रात्रपाळीला नवा प्रोग्राम हाती आला. भोक पाडून झाले की ड्रिल जॉबच्या १०० मिलिमीटर वर न्यायचे आणि मग रॅपिडने, म्हणजे न कापता पूर्ण वेगात, पुढच्या भोकावर. लिहिणाऱ्याने झेड (उभी दिशा) १०० लिहिले, आकड्यापुढचा पॉइंट, म्हणजे दशांशाचे टिंब, राहिला. आमच्या कंट्रोलवर पॉइंट नसला की आकडा मायक्रॉनमध्ये धरला जाई. ड्रिल १०० मिलिमीटरऐवजी जेमतेम ०.१ मिलिमीटर वर आले आणि पूर्ण वेगात आडवे क्लॅम्पवर गेले. तो आवाज अजून कानात आहे. ड्रिलचे तुकडे झाले, स्पिंडल उघडावे लागले. मी ड्राय रन, म्हणजे न कापता कोरडी चाचणी, मागितला होता. 'वेळ नाही, जॉब काढ' असे उत्तर मिळाले होते. दुसऱ्या दिवशी मेमो मात्र माझ्या नावाचा! प्रोग्राम लिहिणारे साहेब वरच्या मजल्यावर, त्यांना कोण विचारणार? टिंब त्यांचे, जाब माझा.

इतिहासातही तोच प्रकार. १९५२ मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाने सिनसिनाटी कंपनीची मिलिंग मशीन पंच केलेल्या टेपवर चालवून दाखवली, हे बरोबर. पण मुळात हा उद्योग सुरू केला मिशिगनमधल्या जॉन पार्सन्स या कारखानदाराने. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे टेम्प्लेट, म्हणजे आकार तपासायचे नमुने, अचूक निघेनात, म्हणून फ्रँक स्टुलेन या त्याच्या इंजिनिअरने पंचकार्डाच्या यंत्रावर वक्ररेषेवरचे २०० बिंदू काढून दिले. मग एकाने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने एक्सचे चाक फिरवायचे, तिसऱ्याने वायचे. अहो, एन्कोडर आणि मोटर येण्याआधी हे तीन माणसांचे सीएनसीच होते की! पुढे १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे कंत्राट पार्सन्सला मिळाले, एमआयटी त्यात नंतर आली आणि शेवटी पार्सन्सच बाजूला पडला. त्याला आणि स्टुलेनला राष्ट्रीय पदक मिळायला १९८५ उजाडले. आपल्या लेखात दोघेही नाहीत. चाके फिरवणाऱ्यांची तर बातच नको.

शिवाय सोबतचा ठिणग्यांचा फोटो लेझर कटिंगचा आहे. दिसायला सुंदर आहे, हे मान्य.

जाता जाता आणखी एक. गेल्या महिन्यात आपण माझे पत्र छापलेत, त्याबद्दल आभार. पण कात्री लावताना त्यातला 'नाही' हा शब्द उडाला आणि ज्या गोष्टीला मी विरोध केला होता तिचाच मी समर्थक ठरलो. दोघेजण अभिनंदन करून गेले. या वेळी कापायचेच असेल तर फोटोचे वाक्य कापा, मेमोचे ठेवा.

आपला,
एक निवृत्त सेटर