पाइप बँड बेसूर कशामुळे झाला?

महोदय,

विसर्जन मिरवणुकीवरील आपल्या कालच्या स्फुटात एका मंडळाने आणलेल्या पाइप बँडची ‘इंग्रजांची बेसूर पिपाणी’ अशी संभावना करण्यात आली आहे. त्या सात पिपाण्यांपैकी एक माझ्या काखेत होती, म्हणून हे पत्र. त्याच पानावरील छायाचित्राखाली ‘बॅगपायपर वाजवताना माजी सैनिक’ अशी ओळ छापली आहे. वाद्य बॅगपाइप, आणि ते वाजवणारा तो बॅगपायपर. आमच्यापैकी कोणीही दुसऱ्याला वाजवत नव्हता. आपल्या उपसंपादकांना हा शब्द बाटलीवरून परिचयाचा असावा, ही शंका मी मनातच ठेवतो.

आता ‘बेसूर’ या शब्दाविषयी. गंगावेशीत आम्ही बेसूर वाजलो, हे मी नाकारत नाही. तसे का झाले, हे मात्र आपल्या प्रतिनिधींनी विचारायला हवे होते. महाद्वार रोडवर आमचे वादन उत्तम जमले होते आणि दुतर्फा लोक थांबून ऐकत होते. पापाच्या तिकटीजवळ येताच मागच्या मंडळाचा एक कार्यकर्ता येऊन म्हणाला, “काका, दोन मिनिटं कडेला व्हा, आमची सिस्टिम फुडं जाऊ दे.” ती दोन मिनिटे पाऊण तास चालली आणि तोवर पावसाची भुरभुरही सुरू झाली. या वाद्यात सूर काढणारी नळी, म्हणजे चँटर, सनईसारख्या दुहेरी पत्तीवर बोलते. खांद्यावरच्या तीन नळ्या, म्हणजे ड्रोन (आकाशात उडणारे नव्हेत), एकच सूर अखंड धरून ठेवतात, जसा आपल्याकडे सनईवाल्याचा साथीदार धरतो. वाजवून वाद्य तापले की चँटरचा सूर चढतो, त्याला जुळतील असे ड्रोन सरकवून लावावे लागतात, आणि मध्येच थांबून ते गार पडले की सगळी जुळणी विस्कटते. हलगीवाला वाजवण्याआधी हलगी शेकून घेतो, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आम्हाला मात्र पाऊण तास भिजवून ‘चला, वाजवा’ असे सांगण्यात आले, आणि आपले प्रतिनिधी नेमके तेव्हा तेथे पोहोचले.

‘साधी फर्माईशही त्यांना वाजवता आली नाही’ असेही स्फुटात म्हटले आहे. फर्माईश भैरवीतल्या एका चालीची होती. चँटरवर अवघे नऊ सूर असतात आणि त्यांची मांडणी आपल्या खमाज थाटाशी जुळणारी असते; कोमल रिषभ आणि कोमल गंधार त्यात नसतात, मग भैरवी आणायची कोठून? शिवाय काखेत धरलेल्या पिशवीतली हवा सतत वाहत असल्याने दोन सुरांमध्ये क्षणभरही थांबता येत नाही. तोच सूर दोनदा हवा असेल तर मध्ये कणस्वर टाकून तो तोडावा लागतो. नुसत्या चँटरवर हे बोटांत बसवण्यात कित्येक महिने जातात, पिशवी हाती येते ती त्यानंतर.

हे वाद्य इंग्रजांमुळे आपल्या पलटणींत आले, हे खरे आहे. पण सैन्यात ज्यांनी ते रुजवले ते मुख्यतः स्कॉटलंडचे लोक होते आणि त्यांना इंग्रज म्हटलेले त्यांनाही आवडत नाही. गढवाल-कुमाऊंमध्ये याच वाद्याला मशकबीन म्हणतात आणि तेथील लग्नाच्या वरातीत ते वाजते. तेथे कोणाला गुलामी आठवत असल्याचे ऐकिवात नाही. परदेशी मूळ एवढाच गुन्हा असेल, तर आपल्या भजनी मंडळांतली पेटीही जप्त करावी लागेल.

मनाला खरा लागला तो ‘वाजंत्री जवान’ हा शब्दप्रयोग. वाजंत्री असण्यात कमीपणा नाही, परंतु लढाईच्या वेळी पलटणीतले बँडवाले वाद्ये ठेवून जखमींचे स्ट्रेचर उचलतात, हे आपल्या स्फुटलेखकांना माहीत नसावे. १८९७ मध्ये सरहद्दीवर दर्गाईच्या चढाईत जॉर्ज फाइंडलेटर हा पायपर दोन्ही पायांना गोळ्या लागल्यावरही बसून वाजवत राहिला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या नशिबी एवढे काही आले नाही. पाऊण तास पावसात उभे राहिल्याबद्दल मंडळाने श्रीफळ दिले, ते आम्ही आनंदाने घेतले.

छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती छापावी, एवढीच विनंती. जाता जाता आणखी एक गोष्ट. ज्या पानावर आमची बेसूर पिपाणी आणि मिरवणुकीतील ध्वनिप्रदूषण या दोहोंचा समाचार घेतला आहे, त्याच पानाच्या तळाशी भाड्याने मिळणाऱ्या साउंड सिस्टिमची पाव पान जाहिरात आहे. त्या जाहिरातीत मात्र एकही चूक आढळली नाही.

आपला,
एक निवृत्त पायपर, कसबा बावडा, कोल्हापूर